गुडघ्याखालचं दुसरं हँडल

'आता घरी न्यायला हरकत नाही,' असं डॉक्टर म्हणतात आणि त्याच संध्याकाळी खाटेची शोधाशोध सुरू होते. दुकानदार विचारतो, 'सेमी फाउलर पाठवू की फुल फाउलर?' सेमीला एकच हँडल, पाठ उचलणारं. फुलला दोन, दुसरं गुडघे उचलतं. भाडं कमी म्हणून बरेचदा सेमी घरी येते. रुग्ण महिनोन् महिने अंथरुणाला खिळणार असेल, तर ही काटकसर करू नये.

जॉर्ज फाउलर हे ब्रुकलिनचे शल्यविशारद. पोटातला पू ओटीपोटाकडे उतरावा म्हणून १९०० साली त्यांनी रुग्णाला डोक्याकडून उंच ठेवण्याची पद्धत मांडली. पण उंच केलेलं शरीर घसरतं. १९०९ मध्ये विलिस गॅच यांनी गुडघ्यापाशीही वाकणारी खाट मांडली, ती शरीर त्या स्थितीत टिकावं म्हणूनच.

घसरताना नेमकं काय होतं? त्वचा चादरीला चिकटून जागीच राहते, आतलं माकडहाड मात्र खाली सरकतं. मधल्या केशवाहिन्या ताणल्या जातात, मुडपतात. त्यांतला दाब मुळातच जेमतेम, धमनीकडच्या टोकाला पाऱ्याचे सुमारे ३२ मिलिमीटर. रक्त अडलं की मांस मरू लागतं, आणि बेडसोर पुष्कळदा असा हाडाजवळून, आतून सुरू होतो. वर दिसतो तो फक्त लालसर डाग, बोटानं दाबला तरी फिका न पडणारा. म्हणून आधी गुडघे थोडे उचलायचे, मग पाठ. जेवणाची वेळ सोडली तर पाठ ३० अंशांच्या वर फार वेळ ठेवायची नाही. नळीनं अन्न जात असेल तर मात्र ३० ते ४५ अंश हवेतच, नाहीतर ते श्वासनलिकेत जाण्याची भीती.

हवेची गादी आळीपाळीनं फुगते, दाब वाटून घेते. तरी कूस बदलावी लागतेच. शिवाय तिच्यामुळे रुग्ण काही इंच वर येतो आणि कठडा तेवढाच बुटका ठरतो. तेव्हा गादी घालूनच उंची बघा. उठून बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकायला हवेत. आणि खाट भिंतीला लावू नका, दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. शुश्रूषा करणारीच्या कमरेचाही विचार कोणीतरी करायला हवा.

दुकानात स्वतः पाच मिनिटं आडवे व्हा. आधी फक्त पाठ उचलायला सांगा, मग गुडघ्याचं हँडल फिरवायला.