ओव्हनचा काटा आणि बोर्डाचे तापमान

लहानपणी हिंगोलीत दारावर कल्हईवाला यायचा. भाता, कोळसा, चिमूटभर नवसागर आणि कथलाची कांडी एवढ्यावर त्याचे काम चाले. भांडे तापले की नाही हे तो नवसागराच्या धुरावरून ओळखी. तापमापक नव्हता, पण भांडे एकच आणि तेही डोळ्यांसमोर. मी घरच्या ओव्हनमध्ये सर्किट बोर्ड भाजायला बसलो तेव्हा ही सोय नव्हती. एका बोर्डावर दीडशे सांधे, आणि ते सगळे एकाच भट्टीत साधायचे.

या पद्धतीला रिफ्लो म्हणतात. सोल्डरचे बारीक कण आणि फ्लक्स यांची पेस्ट बोर्डावर लावायची, चिमट्याने सुटे भाग ठेवायचे आणि सगळे एकत्र तापवायचे. फ्लक्स म्हणजे इथला नवसागर. धातूवरचा गंज तो काढतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ला. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे घेतले तर मिश्रण १८३लाच वितळते, दोघांच्याही खाली. सगळा हिशेब या आकड्याभोवती फिरतो.

तापमान किती, याइतकेच ते किती वेळात, हे महत्त्वाचे. आधी सेकंदाला एक-दोन अंशांनी दीडशेपर्यंत चढायचे. घाई केली तर सिरॅमिकचे कपॅसिटर तडकतात. मग दीडशे ते एकशेऐंशी या टप्प्यात मिनिट-दीड मिनिट रेंगाळायचे, म्हणजे जड भाग हलक्यांना गाठतात. हे चुकले की इवल्या रेझिस्टरची एक बाजू आधी वितळते, ओढ घेते आणि तो थडग्यावरच्या दगडासारखा उभा राहतो. पुढे २१०-२१५पर्यंत जाऊन, १८३च्या वर साधारण मिनिटभर राहून, खाली यायचे.

माझी पहिली बारा बोर्डे विहिरीवरच्या मोटारींसाठी होती. पाणी संपले की मोटार बंद करणारी. दिसायला सुरेख. महिन्याभरात तिघांची बंद पडली, आणि एका शेतकऱ्याची मोटार कोरडी चालून जळाली. भिंगाखाली पाहिले तर सांधे अर्धवट वितळलेले, दाणेदार. मी ओव्हनच्या काट्यावर विश्वास ठेवला होता. काटा हवेचे तापमान सांगतो, बोर्डाचे नव्हे. त्या मोटारीच्या रिवाइंडिंगचे पैसे मी दिले.

मग के जातीचे थर्मोकपल आणले आणि त्याचे टोक बोर्डालाच कॅप्टन टेपने चिकटवले. तेव्हा दुसरा चोर सापडला. दुपारी नीट येणारा आलेख संध्याकाळी लोळत होता. आमच्या गल्लीत तेव्हा व्होल्टेज २३०वरून १९०वर उतरते. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश उष्णता गायब! दीडशेपर्यंतचे दीड मिनिट अडीचवर गेले. फ्लक्स वाटेतच संपला. घड्याळ पाहून बटण दाबण्याचा माझा नियम मुळातच चुकीचा होता. आता मी टप्पे सेकंदांवर नाही, थर्मोकपलच्या आकड्यावर बदलतो आणि प्रत्येक नव्या बोर्डासाठी आधी एक रद्दी बोर्ड भाजतो.

शिसे नसलेली पेस्ट चांगली, मान्य. पण ती २१७च्या पुढे वितळते, शिखर २४०च्या घरात; १९० व्होल्टवर माझा ओव्हन तिथे वेळेत पोचत नाही. म्हणून शिशाचीच वापरतो, खिडकी उघडी ठेवून. त्या ओव्हनमध्ये नानकटाई पुन्हा भाजलेली नाही. बायकोने दुसरा घेतला, माझ्या पैशाने.