पॅरिसच्या महापौराचं कलियुग

पॅरिसच्या शां द मार्स मैदानावरचा १७९१ चा गोळीबार या आठवड्यात यायचा होता. तो पुढच्या आठवड्यात. आमगावच्या एका वाचकांचा प्रश्न आधी घ्यायला हवा. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बायीने १७८७ साली भारतीय ज्योतिषावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि आपल्या आकाशनिरीक्षणाला पाच हजार वर्षांचं वय दिलं. तरी आपण त्याला विसरलो कसे, असं ते विचारतात. उत्तर थोडं कडू आहे. बायीचा निष्कर्ष टिकला नाही. पण तो का टिकला नाही हे समजलं, की दोन वर्षांनी पॅरिसचा पहिला महापौर झालेला बायीही नीट समजतो.

शुक्राचं अधिक्रमण पाहायला पाँडिचेरीला आलेल्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल जाँतीला १७६९ साली ऐन वेळी ढगांनी दगा दिला. मात्र ग्रहणं वर्तवण्याची तमिळ पंचांगकर्त्यांची रीत तो शिकून गेला. ती गणितं आणि सयामहून व दक्षिण भारतातून आधीच फ्रान्सला पोचलेल्या खगोलीय सारण्या बायीने ताडून पाहिल्या. त्यातल्या गणिताचा उगम कलियुगारंभाशी, म्हणजे इसवीसनपूर्व ३१०२ च्या १८ फेब्रुवारीशी जातो. त्या क्षणाची ग्रहस्थानं कुणीतरी खरोखर डोळ्यांनी पाहून नोंदवली असली पाहिजेत, असं बायीने मानलं. घोडं इथेच अडलं. खरेदी केंद्राच्या वहीतला धानाचा आकडा काट्यावर मोजूनही येतो आणि मागचा हिशेब जुळवूनही येतो. नुसता आकडा पाहून त्यातला फरक कळत नाही. कलीची ३६०० वर्षं सरली तेव्हा आपण तेवीस वर्षांचे होतो, असं आर्यभट सांगतो. म्हणजे साल इसवीसन ४९९. सिद्धांतकारांनी आपल्या काळातली ग्रहस्थानं घेतली, सरासरी गती ठरवल्या आणि सगळे ग्रह एका बिंदूत येतील असा आरंभ मागे जाऊन गाठला. तो आरंभ गणिताने आलेला आहे, पाहून नव्हे.

बायीची बाजू लंगडी नव्हती. सारण्यांतलं त्या दिवशीचं चंद्राचं स्थान युरोपीय गणिताशी बरंच जुळतं, हा त्याचा मुद्दा होता, आणि एडिंबरोच्या जॉन प्लेफेअरसारख्या गणितज्ञाला तो पटला. पण एकटा चंद्र जुळल्याने भागत नाही, युती सगळ्या ग्रहांची सांगितली आहे. तशी युती त्या वेळी आकाशात झालेलीच नव्हती, हे फ्रेंच गणिती लाप्लासने दाखवलं. यात आपल्या पूर्वजांचा उपमर्द होतो, असंही कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. हजारो वर्षं मागे जाऊन पूर्ण फेऱ्यांचा मेळ बसवणं हे मोठ्या गणित्याचंच काम. शिवाय प्राचीनता शोधायची तर वाट दुसरी आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त शतपथ ब्राह्मणातलं, कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत हे वाक्य धरलं आणि त्यावरून इसवीसनपूर्व ३००० च्या आसपासचा काळ काढला. काळ जवळपास तोच. त्यावर आजही वाद आहे, पण दीक्षितांच्या हाती निदान कुणीतरी पाहिल्याचं वर्णन होतं. बायीच्या हाती होती फक्त सारणी.

नवल असं, की हीच पारख बायीला इतरत्र उत्तम जमली होती. मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणिज चुंबकत्व’ नावाच्या उपचाराची परीक्षा करणाऱ्या १७८४ च्या समितीचा अहवाल त्यानेच लिहिला. त्या परीक्षेत डोळे बांधलेला मुलगा मंतरलेल्या झाडापाशी न जाताच भलत्याच झाडाखाली मूर्च्छित पडला, आणि परिणाम चुंबकाचा नसून समजुतीचा, हे सिद्ध झालं. ओतेल-द्यू इस्पितळावरच्या १७८६ च्या अहवालातही, एकाच खाटेवर अनेक रुग्ण कोंबणाऱ्या त्या संस्थेतले मृत्यू त्याने दुसऱ्या इस्पितळांशी ताडून मांडले. म्हणून वैज्ञानिक महापौर झाला की शहराचं भलंच होतं, हे विधान मला सरसकट मान्य नाही. शहराच्या कामी येते ती आकड्याला ‘तू आलास कुठून?’ असं विचारायची सवय, आणि ती माणसाच्या पदवीबरोबर आपोआप चालत नाही. आवडत्या विषयात तर ती सर्वांत आधी सुटते. १७ जुलै १७९१ ला नगरभवनात बसलेल्या बायीपुढे मैदानावरच्या खबरा एकामागून एक येत होत्या. त्यातल्या किती त्याने पारखल्या आणि किती तशाच मानल्या, यावर लष्करी कायद्याचा लाल झेंडा वर गेला. पुढच्या आठवड्यात त्या खबराच एकेक करून तपासू.