फोन लागत नाही तेव्हा: मोडेमने शिकवलेली तपासणी

पीएचडीचा पहिला पावसाळा पेपर वाचण्यात जाईल असं मला वाटलं होतं. तो गेला एका मोडेमशी भांडण्यात. जुनाट वस्तू म्हणून हसू नका. १९८६-८७ मध्ये मुंबईत एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यात ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली ती डायल-अपवरच. आणि मोडेम तुमच्या वाट्याला आला नाही, तरी बंद पडलेलं उपकरण नक्की येणार.

आमची मांडणी अशी होती. शहापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक, त्याला जोडलेला डेटा लॉगर, आणि लॉगरला एक मोडेम. तिथे मोबाईलला रेंज नाही, म्हणून लँडलाइन. इकडे मुरबाडला जुना युनिक्स संगणक आणि दुसरा मोडेम. रोज सकाळी संगणकाने फोन लावून नोंदी आणायच्या. लॉगर दर १५ मिनिटांनी एक नोंद करतो, म्हणजे दिवसाला ९६. त्याची मेमरी ३० दिवसांची. त्यानंतर नवी नोंद सगळ्यात जुन्या नोंदीवर लिहिली जाते. जुलैत फोन लागेनासा झाला आणि माझे दिवस मोजायला सुरुवात झाली.

पहिल्या दिवशी मी केबल बदलली, पोर्ट बदलला आणि मोडेमची सेटिंगही बदलली, सगळं एकदम. फोन लागला! खुशीत घरी गेले. दोन दिवसांनी पुन्हा बंद. आधी कशामुळे लागला होता, ते सांगता येईना. तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या की त्याला प्रयोग म्हणत नाहीत.

गाईड म्हणाले, "आधी कागदावर साखळी काढ." संगणक, केबल, मोडेम, फोनची तार, पलीकडचा मोडेम, लॉगर. प्रत्येक कडीला एकच प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं येईल.

१. संगणक आणि मोडेम बोलतात का? युनिक्सच्या 'सीयू' कमांडने थेट मोडेमशी बोलता येतं. 'एटी' टाइप केलं की 'ओके' यायला हवं. नाही आलं तर दोष आपल्याच टेबलावर आहे. पोर्ट व्यस्त असल्याचं सांगितलं, तर मध्येच बंद पडलेल्या प्रोग्रामची लॉक फाइल मागे राहिली असेल. तो प्रोग्राम खरंच चालू नाही ना, हे बघूनच ती काढा.

२. डायलटोन मिळतो का? 'नो डायलटोन' आलं तर त्याच तारेला साधा फोन लावून ऐका. आपला डायलटोन ४०० हर्ट्झचा, अमेरिकेतला ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून. त्यामुळे तिकडच्या हिशोबाने बनलेला मोडेम कधी आपला टोन ओळखतच नाही. 'एटीएक्स३' दिलं की तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो.

३. पलीकडचा मोडेम जिवंत आहे का? साध्या फोनवरून लॉगरचा नंबर लावा. कर्कश शिट्टी आली तर आहे. एका कॉलमध्ये अर्धी साखळी तपासून होते.

४. जोडणी टिकते का? पहिल्या अक्षरापासून कचरा येत असेल तर दोन्हीकडची वेगाची किंवा पॅरिटीची सेटिंग जुळत नाही. नीट चालू होऊन मध्येच कचरा, मग 'नो कॅरियर', असं झालं तर तारेवर संशय घ्या.

आमचं घोडं चौथ्या पायरीवर अडलं होतं. शाळेत जाऊन त्या तारेला साधा फोन लावला, एक आकडा दाबून टोन थांबवला आणि ऐकलं, तर नुसती खरखर. खांबावरच्या जोडात पाणी शिरत होतं. दुरुस्ती होईपर्यंत काय करायचं? वेग ९६०० वरून २४०० बिट प्रति सेकंद केला, कारण कमी वेगाला खरखर जास्त सोसते. हिशोब बघा: ३० दिवसांच्या २,८८० नोंदी, प्रत्येकी २० अक्षरं, एकूण ५७,६००. एका अक्षराला १० बिट धरले तर २४०० च्या वेगाने सेकंदाला २४० अक्षरं, म्हणजे सगळं मिळून ४ मिनिटं. आम्हाला घाई नव्हतीच!

खरा धक्का नंतर बसला. रोज कॉलची वेळ आणि मोडेमचं उत्तर मी वहीत लिहीत होते. नोंदी हाती आल्यावर त्या शेजारी पाऊस मांडला. फोन पडला होता तो जोरदार पावसानंतरच. पहिल्या दिवशी तो लागला, कारण तेव्हा उघडीप होती! म्हणजे आम्ही जे मोजत होतो, त्यानेच आमची तार तोडली होती. झड महिनाभर लांबली असती, तर पुसल्या गेल्या असत्या नेमक्या मोठ्या पावसाच्या नोंदी. सरासरी कमी आली असती आणि कुणाला शंकाही आली नसती. त्यातून आमचा प्रोग्राम रिकाम्या जागी शून्य भरत होता. 'पाऊस पडला नाही' आणि 'आम्हाला माहीत नाही' यात फरक आहे. तो प्रोग्राम मी त्याच रात्री बदलला.

तेव्हा उपकरण बिघडलं की आधी वही उघडा. एका वेळी एकच गोष्ट बदला, तारीख-वेळेसकट लिहा. आणि डेटात खड्डा दिसला की तो बुजवण्याआधी विचारा: हा खड्डा इथेच का पडला?