आठ मार्चचा झाला तीन ऑगस्ट!

मैत्रिणींनो, ०८/०३ असं लिहिलेलं दिसलं तर तुम्ही काय वाचाल? आठ मार्च, महिला दिन! पण हीच तारीख अमेरिकन पद्धतीवर लावलेल्या कॉम्प्युटरला दिली, तर तो सरळ तीन ऑगस्ट वाचतो. सावित्रीबाईंची जयंती ०३/०१ ला, म्हणजे तीन जानेवारीला. ती एक मार्चला जाऊन बसते. आपल्याकडे आधी दिवस, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. ज्यांची मुलं-सुना तिकडे आहेत, त्यांना हा घोळ चांगलाच ठाऊक असेल.

पण हा घोळ आता आपल्या बचत गटाच्या हिशोबातही शिरलाय, म्हणून आज हा विषय.

पूर्वी गटाचा हिशोब वहीत असायचा. आता बऱ्याच ठिकाणी नोंदी मोबाइल अ‍ॅपमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये होतात आणि वर्षअखेरीला तिथून यादी काढून एक्सेलमध्ये उघडतात. ही यादी बहुतेक वेळा ‘सीएसव्ही’ फाइल म्हणून मिळते. ‘सीएसव्ही’ म्हणजे साधा मजकूर, स्वल्पविराम देऊन रकाने पाडलेला. तारीख आधी की महिना आधी, हे त्यात कुठेच सांगितलेलं नसतं. आपण फाइलवर डबल क्लिक केलं की एक्सेल आपल्या कॉम्प्युटरची सेटिंग बघून अंदाज बांधतो. सेटिंग ‘इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’ असेल, तर झालीच अदलाबदल!

यातली खरी गोम पुढेच आहे. २५/०८ ही तारीख आली, की पंचविसावा महिना नसल्यामुळे एक्सेल ती तशीच ठेवतो. पण ०५/०८ आली, की गुपचूप आठ मे करून टाकतो. यादी वरवर ठीकच दिसते. वर्षातल्या अशा फसव्या तारखा किती? प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस, म्हणजे १४४. त्यातून १/१, २/२ अशा उलटसुलट सारख्याच असणाऱ्या बारा वजा करा. उरल्या १३२. वर्षातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काळ!

आमच्या भागातल्या एका गटात हेच घडलं. एका बाईंनी २ मे २०२५ ला दहा हजारांचं कर्ज घेतलं होतं, महिना दोन टक्क्यांनी. यादीत ते ५ फेब्रुवारी झालं. म्हणजे ८६ दिवसांचं, साधारण पावणेसहाशे रुपयांचं व्याज उगीचच अंगावर! बाई सांगत होत्या, “अहो, मी मे महिन्यात घेतले, लेकीच्या लग्नाच्या वेळी.” तर समोरून उत्तर आलं, “कॉम्प्युटर कसा चुकेल?” शेवटी सचिवताईंनी जुनी वही काढली, तेव्हा कुठे उलगडा झाला. वही नसती तर? धुणीभांडी करणाऱ्या बाईला पावणेसहाशे रुपये म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. जन्मतारखेच्या रकान्यात असं झालं, तर वयाची अट असलेल्या योजनेच्या यादीतून एखादीचं नावच गळायचं.

मग करायचं काय? उपाय अवघड नाहीत.

पहिलं म्हणजे, फाइल उघडण्याआधी कॉम्प्युटरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजन’ बघा. तिथे ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा. गूगल शीट्स वापरत असाल तर ‘फाइल’, मग ‘सेटिंग्ज’ आणि तिथे ‘लोकेल’मध्ये ‘इंडिया’ ठेवा. हे सगळं यादी आत घेण्याआधी करायचं, बरं का! एकदा उलटलेली तारीख नुसता फॉरमॅट बदलून सुलट होत नाही. मूळ फाइल पुन्हा उघडावी लागते. म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नका, तिच्यावरच ‘सेव्ह’ही करू नका.

दुसरं, सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर महिना अक्षरांत येईल असं बघा. ०५-ऑगस्ट-२०२५ याचे दोन अर्थ होत नाहीत. नाहीतर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे २०२५-०८-०५ असं घ्या. जगभरासाठीचा हा प्रमाण नियम १९८८ मध्येच ठरला आहे.

तिसरं, रकान्यावर नजर टाका. काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर समजा, गडबड आहे. डावीकडच्या एक्सेलला कळलेल्या नाहीत आणि उजवीकडच्या उलटल्या असण्याची शक्यता आहे. अजून न आलेल्या महिन्याची नोंद दिसली तरी तोच संशय घ्या. मात्र तारखेच्या जागी ४५८७४ असा आकडा दिसला तर घाबरू नका. एक्सेल १ जानेवारी १९०० ला एक धरून दिवस मोजतो. तो आकडा म्हणजे ५ ऑगस्ट २०२५. फॉरमॅट ‘डेट’ केला की झालं.

आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ म्हणून कुणी खट्टू होऊ नका. ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशी नावं असलेल्या मानवी जनुकांनाही एक्सेल तारखा समजत होता. अखेर २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने त्या जनुकांची नावंच बदलली. शास्त्रज्ञांची ही गत, तिथे आपलं काय!

आपल्या गटात एक नियम मात्र जरूर करा. यादी पक्की करण्याआधी बैठकीत प्रत्येकीची तारीख महिन्याच्या नावासकट मोठ्याने वाचायची, वहीशी ताडून. आणि एखादी मैत्रीण म्हणाली, “माझी तारीख ही नाही,” तर आधी तिचं ऐकायचं, मग कॉम्प्युटरचं.