रोवणीचे दिवस, ओली भिंत आणि तान्हं बाळ

गोंदिया म्हणजे तलावांचा आणि भाताचा जिल्हा. रोवणीला बांधीत पाणी हवंच; पण तीच ओल घरात शिरली की भिंतीवर काळे-हिरवे ठिपके उमटतात. घरात तान्हं असेल तर जीव खालीवर होतो. म्हणून ही बुरशीची कुंडली.

बीजाणू सगळीकडे. नवेगावच्या जंगलात आणि गोंदियाच्या बाजारातही बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. त्यांना घराबाहेर ठेवणं अशक्य. पण रुजायला त्यांना पाणी लागतं. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत खडखडीत वाळवली, की बुरशीला सवडच मिळत नाही.

कूलर फितूर होतो. कोरड्या मे महिन्यात पाणी उडतं म्हणून गारवा मिळतो. जुलैच्या दमट हवेत ते धड उडत नाही, उलट खोली अधिकच दमट होते. पाऊस लागला की टाकी रिकामी करा, आतलं गवत काढा.

बाळाचा श्वास भरभर. मोठी माणसं मिनिटाला १२ ते २० श्वास घेतात, नवजात बाळ ३० ते ६०. पाळणा ओल्या भिंतीजवळ नको. खोकला किंवा घरघर थांबत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

लंगोटांची तोरणं. बाळाच्या खोलीत दोरीवर वाळणाऱ्या लंगोट-दुपट्यांतलं सगळं पाणी त्याच हवेत जातं. दोरी ओसरीत बांधा. घरातच वाळवायची वेळ आली, तर पंखा लावा आणि खिडकी उघडी ठेवा.

धुरी नको. ओव्याच्या धुरीनं कुबट वास झाकला जातो, भिंत काही वाळत नाही. धूर मात्र थेट बाळाच्या छातीत.

डांबरगोळ्या तर मुळीच नकोत. त्यातल्या नॅफ्थलीनमुळे, जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. बाळाचे कपडे त्यांच्यासोबत ठेवू नका.

जिभेवरचा पांढरा थर. दुधाचा थर पुसला की निघतो. सहज निघत नसेल तर ती कॅन्डिडा असू शकते. तीही बुरशीच, पण भिंतीवरून आलेली नव्हे.

नातेवाईक बरे-वाईट. धानावरचा करपा बुरशीचाच, आणि पावसाळ्यात चवीनं खाल्ल्या जाणाऱ्या सात्या (रानातली अळंबी) याही बुरशीच. १९२८ मध्ये शास्त्रज्ञ फ्लेमिंगना पेनिसिलिन दिलं तेही एका बुरशीनं. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागलं आणि बुरशी मारणारं हॅमायसिनही तिथेच सापडलं. ते बनवणाऱ्या जिवाणूच्या नावात पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना.

आता हातात ब्रश. बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा, नाकाला मास्क लावा, खिडकी उघडा. टणक पृष्ठभाग साबणाच्या पाण्यानं घासून कोरडा पुसा. बुरशी खोलवर गेलेली गादी-उशी टाकून द्या. ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. रंगाची घाई नको. आधी फुटकं कवेलू बदला, गळका नळ दुरुस्त करा. नाहीतर पुढच्या आषाढात नव्या रंगावर जुनेच ठिपके!