जुना लॅपटॉप घेताय? आधी कुलूप बघा

गटाच्या हिशेबासाठी आपण जुना लॅपटॉप घेतो, घरी आणून चालू करतो, तर तो पासवर्ड मागतो. घाबरू नका. आधी कुलूप कोणतं ते बघू.

विंडोज सुरू झाल्यावर पासवर्ड मागितला, तर पहिल्या मालकाला विचारावं. तो सापडला नाही, तर दुरुस्तीवाला विंडोज नव्याने टाकून देतो. मात्र आतलं सगळं पुसलं जातं.

विंडोज यायच्या आधीच पासवर्ड मागितला, तर तो बहुधा बायोसचा. विंडोज नव्याने टाकूनही हे कुलूप निघत नाही. कंपनीकडे गेलं, तर खरेदीची पावती विचारतात. ती नसेल, तर गटाचे पैसे अडकलेच समजा.

म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडूनच लॅपटॉप चालू करून घ्या. त्याचं खातं आणि सगळे पासवर्ड काढायला लावा. बंद करून पुन्हा चालू करून बघा. नाव-तारीख असलेली पावती घ्या.

मग आपला नवा पासवर्ड ठेवा. तो अध्यक्ष आणि सचिव दोघींना माहीत असू द्या, आणि कागदावर लिहून गटाच्या पेटीत कुलूपबंद ठेवा. एकीच्या आठवणीवर गटाचा हिशेब नको.