विद्याधरांचे राज्य आणि त्यांचे कायदे

एखादा समाज संपूर्णपणे कल्पनेतून उभा करायचा, त्याला भूगोल द्यायचा, कायदे द्यायचे, राजवंश आणि भांडणे द्यायची, हे साहित्यातले काम आपण सहसा परक्यांचे समजतो. टोल्किनचे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि काल्पनिक लोकांचा इतिहास कसा लिहावा याचा तोच मापदंड ठरला. आज वाळूजच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या बजाजनगरातल्या मुलांच्या हातातल्या मोबाइलवर अशी कितीतरी राज्ये उघडतात आणि मिटतात. त्याच बजाजनगरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर पैठण आहे. परंपरा सांगते की सातवाहनांच्या या राजधानीत, तेव्हाच्या प्रतिष्ठानात, गुणाढ्य नावाचा पंडित होता आणि त्याने ‘बृहत्कथा’ रचली. तिचा गाभा होता विद्याधर नावाच्या लोकांची कथा. या विद्याधरांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट पटते. कल्पित लोक खरे वाटतात ते त्यांना काय काय करता येते यामुळे नव्हे. त्यांना काय करता येत नाही, हे कथाकाराने नेमके ठरवलेले असते, म्हणून ते खरे वाटतात.

विद्याधर माणसासारखेच दिसतात. ते प्रेम करतात, रुसतात, कट रचतात, लढाईत हरतात. ते आकाशातून जातात, पण ही शक्ती त्यांच्या अंगात उपजत नसते. ती विद्येतून येते, आणि विद्या मिळवावी लागते, साधावी लागते, राखावी लागते. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात राणी सूर्यमतीसाठी लिहिलेल्या, बृहत्कथेचा वारसा चालवणाऱ्या ‘कथासरित्सागर’ या संस्कृत ग्रंथात त्यांचा प्रदेश हिमालयात, कैलासाच्या दोन बाजूंना पसरलेला आहे. जैन परंपरेत हा नकाशा आणखी काटेकोर होतो. तिथे विद्याधर वैताढ्य पर्वतावर राहतात. ऋषभदेवांनी राज्याची वाटणी करून संन्यास घेतल्यावर नमि आणि विनमि हे दोघे त्यांच्याकडे आपला वाटा मागत आले. नागराज धरणेंद्राने त्यांना राज्याऐवजी विद्या दिल्या आणि पर्वतावर जागा दिली. दक्षिणेकडच्या रांगेत ५० नगरे, उत्तरेकडच्या रांगेत ६०. वाट्याला जमीन आली नाही, म्हणून ज्ञान पदरात पडले आणि त्याच्या बळावर राज्य उभे राहिले, असा हा एका समाजाच्या उगमाचा इतिहास आहे.

आता त्यांच्यावरची बंधने पाहू. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने सांगितले आहे की विद्या देताना धरणेंद्राने सोबत एक कायदाही घालून दिला. जिनमंदिरांचा आणि मुनींचा जो अवमान करील, स्त्रीसोबत असलेल्या पुरुषाला जो मारील, स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिच्यावर जो बळजबरी करील, त्याला त्याच्या विद्या सोडून जातील. हा कायदा रत्नांच्या भिंतीवर कोरून ठेवला गेला. कथासरित्सागराचा धर्म वेगळा, देव वेगळे, तरी कथेचे चाक अशाच बंधनावर फिरते. वत्सराज उदयनाचा मुलगा नरवाहनदत्त हा मर्त्य माणूस, पण विद्याधरांचा चक्रवर्ती होणे त्याच्या नशिबी आहे. मानसवेग नावाचा विद्याधर त्याच्या पत्नीला, मदनमंचुकेला, पळवून नेतो. मात्र नाखूश स्त्रीवर बळजबरी केली तर मरण येईल असा शाप त्याला आहे. तो शाप नसता तर गोष्ट तिथेच संपली असती. आकाशात उडणारा सरदार एका शापापुढे हतबल होतो, तेव्हा वाचकाला त्या जगात राज्य कोणाचे आहे ते कळते.

पुढे हे प्रकरण वायुपथ नावाच्या विद्याधराच्या सभेत जाते. पत्नीसाठी आपल्या अंतःपुरात घुसलेल्या नरवाहनदत्ताला शिक्षा व्हावी, अशी मानसवेगाची फिर्याद असते. नरवाहनदत्त आधी खटल्याच्या पद्धतीवरच बोट ठेवतो. फिर्यादी आसनावर आणि आरोपी खाली, मग वाद बरोबरीचा कसा, असे तो विचारतो. वायुपथाला हे पटते आणि तो मानसवेगालाही जमिनीवर बसायला लावतो. निवाडा विरुद्ध जातोय असे दिसताच मानसवेग तो मानायला नकार देतो आणि प्रकरण हातघाईवर येते. मंत्र, विमाने, उडणारी सैन्ये या साऱ्यांपेक्षा आसनावरून खाली उतरवलेला तो सरदार या समाजाबद्दल अधिक सांगून जातो. या लोकांकडे न्यायसभा आहे, तिला पद्धत आहे, आणि ती पद्धत धुडकावणारेही त्यांच्यातच आहेत. शक्तीला हद्द आणि हद्दीवरून भांडण, एवढे असले की समाज जिवंत होतो.

बृहत्कथेचा दुसरा वारस, बुधस्वामीचा ‘बृहत्कथाश्लोकसंग्रह’, नेपाळात सापडला आणि फेलिक्स लाकोत या फ्रेंच अभ्यासकाने १९०८ पासून प्रसिद्ध केला. त्यात नदीकाठच्या वाळूत उमटलेल्या पावलांचा एक प्रसंग आहे. ही पावले कुठून येत नाहीत, कुठे जात नाहीत. नरवाहनदत्ताचा मित्र गोमुख त्यांवरून तर्क बांधतो. देव जमिनीला पाय लावत नाहीत, यक्ष-राक्षसांची पावले खोल रुततात, तेव्हा ही पावले विद्याधराचीच. त्याच्या हातात ओझे होते. झाड असते तर पाने गळून पडली असती, आणि शत्रूला कोणी अशा रम्य जागी आणत नाही, तेव्हा ती प्रेयसी असावी. पुढे कदंबाच्या झाडाला लोखंडी खिळ्यांनी ठोकलेला एक विद्याधर सापडतो आणि त्याच्याजवळच्याच औषधींनी त्याचा जीव वाचतो. कल्पित लोकांची पावले किती खोल उमटतील इथवर नियम ठरलेले आहेत, म्हणून गोमुखाला तर्क चालवता येतो. नियम नसते तर कोणतेही उत्तर चालले असते आणि कोणत्याच उत्तराला अर्थ उरला नसता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही धर्मकथा आहे, लोक तिच्यावर श्रद्धा ठेवत. तिला कल्पित म्हणणे चूक आहे. अमरकोशात विद्याधर हे अप्सरा, यक्ष, गंधर्व यांच्या पंगतीत येतात हे खरे. वेरूळ-अजिंठ्याच्या शिल्पचित्रांत हार घेऊन तरंगणाऱ्या जोड्याही आपण पाहतो. तरीही यक्षांची आणि नागांची पूजा गावोगाव झाली तशी विद्याधरांची झाल्याचे दिसत नाही. ते राहिले कथांत आणि शिल्पांच्या कडेला. शिवाय कथाकारांनी त्यांच्याशी जे स्वातंत्र्य घेतले ते श्रद्धेच्या विषयाशी क्वचितच घेतले जाते. शैव परंपरेत त्यांची गोष्ट शंकर पार्वतीला सांगतो, जैन परंपरेत त्यांना धरणेंद्र विद्या देतो. विमलसूरीने महाराष्ट्री प्राकृतात लिहिलेल्या ‘पउमचरिय’ या जैन रामायणात रावण विद्याधर आहे. त्याची दहा तोंडे म्हणजे गळ्यातल्या रत्नहारात पडलेली एका चेहऱ्याची प्रतिबिंबे. तिथले वानरही ध्वजावर माकडाचे चिन्ह मिरवणारे विद्याधरच. जुन्या गोष्टीचे पुन्हा नव्याने रचलेले हे जग आहे, आणि रचणाऱ्याला आपण काय करतो याची पुरेपूर जाण आहे.

या कल्पनेचा खऱ्या इतिहासावरचा पगडा महाराष्ट्रातच दिसतो. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य केलेले शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवत. जीमूतवाहन हा विद्याधर राजपुत्र. एका नागाचा जीव वाचवण्यासाठी त्याने स्वतःचा देह गरुडापुढे ठेवला. सातव्या शतकात हर्षाने त्याच्यावर ‘नागानंद’ नाटक लिहिले. हेच शिलाहार स्वतःला तगरपुराचे स्वामीही म्हणवत. ते तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. गाव खरे, पूर्वज कल्पित, आणि दोन्हींचा अभिमान एकाच ताम्रपटात. बलाढ्य पूर्वज कल्पनेत हवे तितके मिळाले असते. या राजांनी स्वतःचा देह देऊ करणारा पूर्वज निवडला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मूळ बृहत्कथा हरवली आहे, मग ती पैठणची कशावरून? काश्मिरी परंपरा सांगते की पैजेत हरलेल्या गुणाढ्याने भाषा सोडल्या, विंध्यारण्यात जाऊन पैशाची भाषेत स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोक लिहिले, आणि राजाने ते नाकारल्यावर एकेक पान जनावरांना वाचून दाखवत आगीत टाकले. चरणे विसरून ऐकणारी जनावरे इतकी रोडावली की राजाच्या ताटातले मांस सुकले. राजा शोध घेत आला तेव्हा एक लाख श्लोक उरले होते, ते नरवाहनदत्ताचे. ही दंतकथा आहे, तिला पुरावा मानता येत नाही. नेपाळच्या परंपरेत तर गुणाढ्य पैठणचा नसून उज्जैनच्या दरबारातला आहे. पण दंडी आणि बाण या दोघांना बृहत्कथा माहीत होती. लुडविग आल्सडोर्फ या जर्मन अभ्यासकाने १९३०च्या दशकात दाखवून दिले की संघदासाची ‘वसुदेवहिंडी’ हे तिचेच जैन रूप आहे, आणि तो ग्रंथ महाराष्ट्री प्राकृतात आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक ‘पेरिप्लस’मध्ये पैठण आणि तगर या दोन्ही बाजारपेठांची नोंद आहे. व्यापारी तांड्यांच्या वाटेवरच्या अशा शहराशी दूरदेशीच्या लोकांची कथा जोडली गेली, यात आश्चर्य नाही. पैठणचा हक्क सिद्ध झालेला नाही, पण तो पोकळही नाही.

तिसरा आक्षेप उपयोगाचा. खऱ्या माणसांचे प्रश्न पुढ्यात असताना हवेतल्या लोकांचा इतिहास कशाला? या कथांत उणिवा आहेत; नायकाची प्रगती त्याने मिळवलेल्या बायकांवरून मोजली जाते, हे आज खटकायलाच हवे. त्याच कथांत मानसवेगाची बहीण वेगवती सख्ख्या भावाविरुद्ध उभी राहते, हेही विसरू नये. पण मुख्य उत्तर वेगळे आहे. शक्ती कोणाला मिळावी, कोणत्या अटीवर, आणि कधी काढून घ्यावी, हा प्रश्न विद्याधरांच्या निमित्ताने शतकानुशतके विचारला गेला. तो खऱ्या राजाच्या दरबारात विचारणे अवघड असते. मंत्र आणि विमाने बाजूला काढली की विद्याधर म्हणजे कसबाच्या बळावर वर आलेले लोक उरतात, आणि हातातल्या कसबावर पोट आणि मान दोन्ही कमावणाऱ्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला हे सांगावे लागू नये की कसब वापरण्याचे नियम कसबाइतकेच महत्त्वाचे असतात.

म्हणून आई-वडिलांना आणि शिक्षकांना एवढेच सांगणे आहे. मुलांना काल्पनिक राज्यांचे वेड लागले तर त्यांना अडवू नका. त्यांच्या हाती कथासरित्सागराचा मराठी अनुवाद द्या आणि नंतर स्वतःचे लोक रचायला सांगा. फक्त एक अट घाला. आपले लोक काय काय करू शकतात हे लिहिण्याआधी त्यांनी काय करायचे नाही, आणि केले तर काय गमवायचे, ते पहिल्या पानावर लिहा.